व्हॅक्यूम केलेली माशाची पिशवी चार दिवसांत सैल का पडते?

मालवण-वेंगुर्ल्याला गळाला लागलेली मासळी घरी आणली, साफ केली, मशीनवर व्हॅक्यूम करून फ्रीझरला टाकली. त्या रात्री पिशवी माशाच्या अंगाला चिकटलेली, कडक. चार दिवसांनी बघावं तर प्लास्टिक सुटून वर आलंय, आत हवा शिरलीय आणि तुकड्यांच्या कडेला बर्फाचा भुगा साठलाय. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या गळवाल्या मंडळींकडून ही तक्रार सारखी ऐकायला मिळते आणि शेवट ठरलेला असतो: मशीन भिकार निघालं, नवीन घ्यायला पाहिजे.

नवीन मशीन घेण्याआधी हे वाचा. पिशवी सैल पडण्यात मशीनचा वाटा फार थोडा असतो. खरा घोळ करते ती ओल. माशाच्या अंगावरचं पाणी, रक्त, बुळबुळीत चिकटा पिशवीच्या तोंडाशी येतो आणि सील बसतच नाही. त्याखालोखाल काटे, मग चुकीच्या पिशव्या. मशीन बिघडलेलं असणं ही सगळ्यात शेवटची शक्यता.

आपल्या भागात हा प्रश्न साधा नाही. समुद्र आपल्या दारात नाही. आंबोलीचा घाट चढून, पाटणे फाटा, शिनोळी करत बेळगावात यायचं, किंवा गोव्याकडून चोर्ला घाटाने यायचं म्हणजे तीन-चार तास जातातच. त्यामुळे गेलं की चांगलं मिळेल तेवढं आणायचं आणि पुरवून खायचं, ही पद्धत. त्यात १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंदी, त्यावर लगेच श्रावण, मग गणपती. मेच्या अखेरीस आणलेला मासा कित्येक घरांत थेट सप्टेंबरात बाहेर निघतो. एवढा काळ टिकवायचा असेल तर पिशवी सैल पडून चालत नाही.

आधी गळती कुठून आहे ते बघा

सैल पडलेली पिशवी फोडताना नेहमी सीलच्या बाजूने फाडली जाते आणि तिथेच पुरावा नष्ट होतो. तसं करू नका. सीलच्या उलट्या टोकाकडून कात्रीने कापा, मासा काढून घ्या, पिशवी धुवा. मग सील खाली येईल अशी धरून तिच्यात पाणी भरा, वरचं तोंड मुठीत आवळा आणि हळूहळू दाबा.

सीलच्या रेषेतून थेंब येत असेल तर दोष ओलीचा, सुरकुतीचा किंवा कमी उष्णतेचा. पिशवीच्या अंगातून बारीक धार उडत असेल तर काटा लागलाय. कुठूनच पाणी येत नसेल आणि तरी पिशवी सैल झाली असेल, तर एक तर प्लास्टिकच हवा आत घेतंय किंवा हवा पहिल्यापासून माशाच्या पोटात होती.

ही चाचणी दोन मिनिटांची आहे, पण पुढचे सगळे उपाय तिच्यावर अवलंबून आहेत. ती न करता नुसता अंदाज बांधून काही बदलत बसलं की वेळ आणि पिशव्या दोन्ही जातात.

सीलमधून पाणी येत असेल तर

पिशवी उजेडाकडे धरून सीलची पट्टी नीट बघा. चांगलं सील काचेसारखं एकसंध दिसतं. ओल अडकलेल्या सीलमध्ये बारीक बुडबुड्यांची रांग दिसते किंवा एखादी दुधट रेघ आडवी गेलेली असते. नख लावून ओढलं तर तिथूनच पापुद्रा सुटतो.

माझ्या मेहुण्याने मागे सुरमईच्या तुकड्यांची अशीच पिशवी आणून दाखवली होती. "भावजी, मशीनच बदलतो बघा, दुसऱ्यांदा असं झालं." पिशवी खिडकीपाशी धरली तर सीलच्या अगदी मधोमध गुलाबीसर रेघ होती. तुकडा आत सरकवताना तोंडाला घासला होता, त्याचं रक्त तिथे लागलं होतं आणि मशीनने त्याच्यावरच सील मारलं होतं. मशीन उत्तम चालत होतं.

यावरचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे मासा आधी अर्धवट गोठवणं. साफ केलेले तुकडे टिपून कोरडे करायचे. किचन टॉवेल चालेल, धुतलेला जुना सुती पंचा त्याहून चांगला. मग ताटात एकेक सुटा मांडायचा, वरून प्लास्टिक झाकायचं आणि ताट दीड-दोन तास फ्रीझरमध्ये ठेवायचं. तुकड्याचं वरचं अंग दगडासारखं लागलं पाहिजे, आतून थोडा मऊ असला तरी चालतो. असा तुकडा पिशवीत घातला की पंप हवा ओढतो तेव्हा त्याच्यातून पाणी सुटून तोंडाकडे येत नाही. ओला मासा तसाच व्हॅक्यूमला लावला तर पंप हवेबरोबर पाणीही ओढतो, आणि हे पाणी सील होण्याच्या क्षणी बरोबर गरम पट्टीखाली येऊन थांबतं.

दुसरी गोष्ट पिशवीचं तोंड. भरण्याआधी तोंड बाहेरच्या बाजूला सात-आठ सेंटीमीटर दुमडून घ्या, शर्टाची बाही दुमडतो तसं. मासा आत गेला की दुमड उलगडा. आतली कड कोरडी राहते, कारण तिला मासा लागलेलाच नसतो. मासा आणि सील यांच्यात सात-आठ सेंटीमीटर जागा मोकळी सोडायची. पिशवी वाचवायला म्हणून ही जागा कमी करण्यात अर्थ नाही. पिशवी स्वस्त आहे, वेंगुर्ल्याहून आणलेला गोबरा नाही.

गाभोळी किंवा फार पाणी सोडणारा मासा असेल तर मासा आणि सीलच्या मध्ये किचन पेपरची घडी आडवी ठेवा. येणारं पाणी ती शोषून घेते. मग सील एकदा मारून थांबू नका, त्याच्या बाहेर सेंटीमीटरभर अंतरावर दुसरं सील मारा. मशीनवर ओल्या पदार्थांसाठी वेगळं बटण असेल तर मासळीला तेच वापरा, त्यात पट्टी जरा जास्त वेळ तापते. आणि तोंड पट्टीवर ठेवताना दोन्ही हातांनी बाजूला ताणून सुरकुती काढा. सुरकुतीतून हवा जायला केसाएवढी वाट पुरते.

काटा लागत असेल तर

हा त्रास माशागणिक बदलतो. मुडदुशे, बांगडा, सुरमईच्या तुकड्यांना सहसा नाही. पण पालू, तांबोशी, गोबरा यांच्या पाठीवरचे काटे सुईसारखे, आणि शिंगाळ्याचा काटा तर विचारूच नका. समुद्राचंच कशाला, हिडकलच्या जलाशयात किंवा मलप्रभेत मिळणारी चिलापी घ्या. तिच्या पाठीवरची काट्यांची रांग कुठल्याही व्हॅक्यूम पिशवीला भारी पडते. हवा ओढली गेली की प्लास्टिक सगळ्या बाजूंनी माशावर दाबलं जातं आणि काटा आपोआप बाहेर येतो. कधी लगेच, कधी फ्रीझरमध्ये पाकिटावर पाकीट सरकवताना. गोठलेलं प्लास्टिक कडक होतं, थोड्या धक्क्यानेही फाटतं.

स्वयंपाकघरातल्या कात्रीने पर मुळापासून कापून टाका. दांडगी कात्री लागते, साधी वाकते. पाठीवरचे, पोटाखालचे, कल्ल्यांमागचे सगळे पर काढा. तुकडे केले असतील तर मधल्या हाडाची टोकं आणि कापलेल्या फासळ्यांवर बोट फिरवून बघा, टोचतंय तिथे बटर पेपरची दुहेरी पट्टी लावा. बोटाला टोचलं की पिशवीलाही टोचणार.

पाणी कुठूनच येत नाही, तरी सैल

इथे दोन गोष्टी तपासायच्या.

आख्खा मासा व्हॅक्यूम केला असेल तर पोटाच्या पोकळीत आणि कल्ल्यांत हवा अडकून राहते. पंप बंद झाल्यावर ती सावकाश बाहेर येते आणि गळती नसतानाही पिशवी सैल दिसते. कल्ले काढा, पोट शेपटीपर्यंत उघडा, पोटातून मासा टिपून घ्या. मोठा मासा आख्खा ठेवण्यापेक्षा तुकडे करून ठेवलेले बरे, हे माझं ठाम मत आहे. भाजायला आख्खाच हवा असेल तर तो ताजा खावा.

दुसरी गोष्ट पिशवी. घरगुती मशीनमध्ये पिशवीचं फक्त तोंड मशीनच्या आत जातं, बाकी पिशवी बाहेर असते. अशा मशीनला एका बाजूला उठावदार जाळी असलेली पिशवी लागते. त्या जाळीच्या खाचांतून हवा तोंडापर्यंत येते. गुळगुळीत पिशवी लावली की तिचे दोन्ही पदर एकमेकांना चिकटतात आणि हवा आतच कोंडते. गुळगुळीत पिशव्या हॉटेलवाल्यांकडे असतात त्या पेटीसारख्या मशीनसाठी, ज्यात आख्खी पिशवी आत ठेवून झाकण लावतात. बाजारात स्वस्त म्हणून शंभराचं बंडल आणायचं आणि ते गुळगुळीत निघायचं, असं फार वेळा होतं. शिवाय पिशवी नायलॉन आणि पॉलिथिनच्या थरांची हवी. नुसत्या पॉलिथिनमधून ऑक्सिजन हळूहळू आत जातोच, सील कितीही पक्कं असलं तरी.

मशीन खरंच दोषी असेल तेव्हा

सील सगळीकडे सारखंच फिकं, नखाने सहज सुटणारं असेल आणि ओल कुठेच नसेल, तर उष्णता कमी पडतेय. आधी व्होल्टेज बघा. साध्या तापणाऱ्या पट्टीची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० चं व्होल्टेज १८० वर आलं तर उष्णता ६१ टक्क्यांवर येते. गावाकडे संध्याकाळी शेतीचे पंप चालू असताना व्होल्टेज पडतं, तेव्हा सील मारत बसू नका. सकाळी मारा.

उलटंही होतं. एकामागून एक पिशव्या भराभर लावल्या की पट्टी जास्त तापते, प्लास्टिक वितळून पातळ होतं आणि तिथूनच फाटतं. दोन पिशव्यांमध्ये अर्धा मिनिट थांबा. झाकणाच्या कडेची रबराची किंवा फोमची पट्टी ओल्या फडक्याने पुसून ठेवा, तिच्यावर एक खवला अडकला तरी हवा ओढली जात नाही. मशीन ठेवताना झाकण दाबून लॉक करू नका. फोम कायमचा दबला की मशीन खरंच निकामी होतं.

पिशवी घट्ट आहे, पण मासा भुसभुशीत लागतो

ही तक्रार वेगळी आहे आणि तिच्यात पिशवीचा संबंध नाही. इथे फ्रीझर कमी पडलाय.

माशातलं बहुतेक पाणी उणे १ ते उणे ५ अंश सेल्सियसच्या दरम्यान गोठतं. हा टप्पा मासा जितक्या लवकर पार करेल तितके बर्फाचे कण बारीक राहतात. रेंगाळला तर कण मोठे होतात, मांसाच्या पेशी फाडतात. मग बाहेर काढून वितळवलं की ताटभर पाणी सुटतं आणि मागे राहतो तो चोथा. कालवणात तुकडा मोडतो, तव्यावर कुरकुरीत होत नाही.

मासा टिकवायला उणे १८ अंश लागतात. घरातल्या साध्या एकदारी फ्रीजच्या वरच्या कप्प्याला ते जमेलच असं नाही. फ्रीझरच्या दारावर किंवा आत बर्फाच्या चांदण्यांची खूण असते ती बघा: एक चांदणी म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. वीज वाचवण्याच्या लेबलवरच्या चांदण्यांशी याचा काही संबंध नाही, तिथे पाच असल्या तरी फ्रीझर उणे १२ चा असू शकतो. खात्री करायची तर फ्रीजचा साधा थर्मामीटर घेऊन दोन पाकिटांच्या मध्ये रात्रभर ठेवा.

आणि एका दिवशी किती कोंबायचं यालाही मर्यादा आहे. १०० लिटरच्या फ्रीझरमध्ये २४ तासांत साधारण ३ ते ४ किलो ताजा मासा नीट गोठतो. त्याहून जास्त भरला तर सगळाच सावकाश गोठतो आणि आधीचा गोठलेलाही ढिला पडतो. रविवारी रात्री दहा किलो घेऊन आलात तर सगळं एकदम आत ढकलू नका. अर्धा मासा साफ करून बर्फातच राहू द्या. भरपूर बर्फात ठेवलेला ताजा मासा दुसऱ्या दिवसापर्यंत कुठे जात नाही. पाकिटं चपटी करा, बोटभर जाडीची, आणि गोठेपर्यंत एकावर एक न रचता भिंतीला, तळाला टेकवून मांडा. जाडी दुप्पट केली की गोठायला दुपटीहून बराच जास्त वेळ लागतो. गोठल्यावर हवी तशी रचा.

कडेला पांढरे, कोरडे, कापसासारखे डाग पडले असतील तर तिथून बर्फ थेट वाफ होऊन उडालाय. बर्फाचा ट्रे महिनाभर फ्रीझरमध्ये विसरला की खडे लहान होतात, तीच क्रिया. हे डाग खाऊन कोणी आजारी पडत नाही, पण तिथे चव राहिलेली नसते. कापून टाका, उरलेलं आमटीत घाला.

खवट वास येतो

बांगडा, तारली, पेडवे हे तेलकट मासे. त्यांचं तेल फ्रीझरमध्येही ऑक्सिजन मिळेल तसं खवट होत राहतं, विशेषतः कातडीखालच्या गडद पट्ट्यात आणि पोटाच्या पातळ भागात. व्हॅक्यूमने ते मंद होतं, थांबत नाही. बांगडा दोन, फार तर तीन महिने. तांबोशी, गोबरा, चोणक, मुडदुशे असे कमी तेलाचे मासे उणे १८ ला सहा महिने उत्तम राहतात. सुरमई मधली, मी तीन महिन्यांच्या पुढे ठेवत नाही. मग हिशोब सरळ आहे. मे महिन्यात आणलेला बांगडा श्रावणाआधी, आषाढातच संपवायचा. गौरी-गणपतीनंतर खायला गोबरा आणि तांबोशी ठेवायची.

आणि एक कळकळीची विनंती. आपल्याकडे मासा फ्रीजला टाकण्याआधी हळद-मीठ चोळायची सवय घराघरात आहे. आई, आजी, सगळ्यांनी तसंच केलं, आणि त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी करायचा असेल तर ते बरोबरच आहे. पण महिनोन्‌महिने गोठवायचा असेल तर मीठ लावू नका. मिठाने तेल लवकर खवट होतं, आणि मासा पाणी सोडतो ते वेगळंच. हळद नुसती लावली तर चालेल. आमसूल, चिंच, लिंबू यातलं काहीही पिशवीत नको, आंबटाने मांस आधीच पांढरं पडून रवाळ होतं. मीठ, आमसूल, तिरफळं सगळं वितळल्यावर.

जे व्हॅक्यूमने दुरुस्त होत नाही

बिघडलेला मासा व्हॅक्यूम केला की बिघडलेलाच मासा टिकतो. हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं असं कोणी म्हणेल, पण पिशवीचा प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला आधी पिशवीचंच उत्तर द्यावं.

बांगडा, सुरमई, कुपा यांच्या मांसात उष्णतेत हिस्टामीन तयार होतं. असा मासा खाल्ल्यावर तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर पुरळ उठतं. हे हिस्टामीन शिजवून जात नाही आणि गोठवूनही जात नाही. ते होऊच न देणं एवढंच आपल्या हातात असतं. म्हणून मासा गळावरून काढला की लगेच मारा, कल्ल्यापाशी कापून रक्त वाहू द्या, पोट साफ करा आणि बर्फात घाला. खडकावर उन्हात पिशवीत टांगून संध्याकाळपर्यंत बसायचं नाही. मेच्या दुपारी किनाऱ्यावर हे फार महागात पडतं.

बर्फ माशाच्या वजनाएवढा घ्या, एक किलोला एक किलो. लादी घेतली असेल तर गोणपाटात घालून बारीक फोडा. लादी फक्त जिथे टेकते तिथेच गार करते, भुगा सगळीकडून लागतो. तळाला बर्फ, मग मासा, मग बर्फ असे थर. थर्माकोलच्या बॉक्सला तळाशी भोक ठेवा, वितळलेलं पाणी वाहून गेलं पाहिजे. कापलेले तुकडे त्या पाण्यात तरंगत आंबोली चढले की घरी येईपर्यंत पाणी पिऊन फुगतात आणि मग वर सांगितलेला ओलीचा सगळा त्रास सुरू होतो. मासा बर्फात तुकडे न करता आणा, तुकडे घरी करा.

नदी-जलाशयाच्या माशाचं वेगळं. घटप्रभेचा, मलप्रभेचा रोहू, कटला, चिलापी फ्रीझरमधून काढल्यावर मातकट लागते अशी तक्रार असते. तो वास फ्रीझरने दिलेला नाही. पाण्यातल्या शेवाळ-जिवाणूंपासून येणारं जिओस्मिन नावाचं द्रव्य माशाच्या कातडीत आणि चरबीत साठतं. गोठवण्याआधी कातडी आणि गडद पट्टा काढून टाका. शिजवताना चिंच-आमसुलाचा हात सैल सोडा, आंबटाने तो वास मोडतो.

वितळवताना पिशवी फोडा

हा मुद्दा मी प्रत्येकाला सांगतो आणि फार थोडे ऐकतात. व्हॅक्यूम पिशवी तशीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळायला ठेवू नका. आत हवा नाही, आणि बोटुलिनमच्या जिवाणूंना हवा नसलेलीच जागा आवडते. माशांशी निगडित असलेला त्यांचा एक प्रकार ३.३ अंशांपर्यंतच्या थंडाव्यातही वाढतो, आणि घरचा फ्रीज बहुतेक वेळा त्याहून गरमच असतो. त्याच्या विषाला वासही नसतो, त्यामुळे नाकावर भरवसा ठेवून चालत नाही. आदल्या रात्री पिशवी एका बाजूने पूर्ण कापा, मासा झाकणाच्या डब्यात काढा आणि मग खालच्या कप्प्यात ठेवा. घाई असेल तर बंद पिशवी गार पाण्यात बुडवून अर्धा-पाऊण तासात वितळवा आणि लगेच शिजवा. ओट्यावर उघड्यावर वितळवणं बंदच करा. ताजा मासा व्हॅक्यूम करून 'दोन दिवसांनी करू' म्हणून खालच्या कप्प्यात ठेवणं हाही तोच धोका आहे.

फ्रीझरमधल्या पाकिटाच्या बाबतीत सैल आणि फुगलेली यांत फरक करा. सैल पिशवीत बाहेरची हवा शिरलीय. फुग्यासारखी ताणलेली पिशवी म्हणजे आत वायू तयार झालाय, मासा मध्ये कधीतरी वितळून कुजलाय. ती उघडू नका, चाखू नका, टाकून द्या.

लाईट गेली तर

खानापूरकडे पावसाळ्यात झाड पडून लाईट गेली की दिवसदिवस येत नाही. भरलेला डीप फ्रीझर दार न उघडता साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. म्हणून रिकामी जागा पाण्याच्या बाटल्या गोठवून भरून टाका. गावाला जाताना एका वाटीत पाणी गोठवा, वर रुपयाचं नाणं ठेवून फ्रीझरमध्ये ठेवा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर काही झालेलं नाही. तळाशी गेलं असेल तर तुमच्या माघारी सगळं वितळून पुन्हा गोठलंय, मासा टाका.

मशीनच नसेल तर

व्हॅक्यूम मशीनशिवायही मासा चांगला राहतो, फक्त कष्ट जास्त. तुकडे ताटावर सुटे पूर्ण गोठवा. मग बर्फाच्या पाण्यात एकेक तुकडा क्षणभर बुडवून लगेच परत ताटावर आणि फ्रीझरमध्ये. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा. तीन-चार वेळा असं केलं की सगळ्या बाजूंनी बर्फाची पातळ, चकचकीत कवची चढते आणि हवा माशाला लागत नाही. मग जाड पिशवीत घाला, पिशवी पाण्यात बुडवून हवा बाहेर काढा आणि बांधा. मुडदुशांसारखे छोटे मासे डब्यात मांडून, बुडतील एवढं गार पाणी घालून आख्खा डबाच गोठवला तरी चालतं. कवची महिन्याभरात उडत जाते, म्हणून महिन्याने एकदा तुकडे पुन्हा बुडवा आणि दोन-तीन महिन्यांत संपवा. पिशवीवर माशाचं नाव आणि तारीख कायमच्या मार्करने, गोठवण्याआधीच लिहा. गोठलेल्या प्लास्टिकवर शाई धरत नाही.